रिपोर्ट येण्याआधीची साक्ष

मी बरी झाले असं मी सत्तावीस माणसांसमोर उभी राहून सांगितलं, तेव्हा माझा रिपोर्ट अजून यायचा होता.

खरं तर मला ते सांगायचंच नव्हतं. माझ्यासाठी प्रार्थना करा, मला फार भीती वाटतेय, एवढंच सांगायचं होतं. पण आमच्या सभेची एक रीत आहे. टेमघरला रेशनच्या दुकानावर जी खोली आहे तिथे आम्ही दर रविवारी जमतो. आधी गाणी, मग साक्षी, मग पास्टरांचा संदेश आणि अगदी शेवटी विनंत्या. देवाने आपलं काय भलं केलं ते उभं राहून सांगायचं, ती साक्ष. जे अजून व्हायचंय ते मागायचं, ती विनंती. चार वर्षं सभेत जात होते, रीत मला पाठ होती. तरी त्या रविवारी गाणी संपली, पास्टर चांगदेवांनी "कुणाची साक्ष आहे का?" विचारलं, कुणी हलेना, वरचा पंखा कटकट करत राहिला आणि मी उठले. भ्यालेल्या माणसाला रांगेचं भान राहत नाही.

मी उठल्याबरोबर कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. केसरीनाथने ढोलकीवर थाप मारली. ठमाबाई, आमच्या सभेतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात मोठ्या आवाजाच्या, "हालेलुया" म्हणून मोकळ्या झाल्या. आता एवढी वाजतगाजत उभी केलेली बाई काय रडगाणं गाणार?

"बोला सिस्टर," पास्टर म्हणाले.

"माझ्या छातीत गाठ होती," मी म्हणाले. इथपर्यंत खरं होतं. मग जरा थांबले. सगळे माझ्याकडे असे बघत होते जशी पोरं जत्रेत पाळणा सुटायची वाट बघतात. "प्रभूने मला बरं केलं."

खाली बसले तेव्हा गाठ जिथल्या तिथे होती. डाव्या बाजूला, काखेच्या अलीकडे, चिंचोक्याएवढी.

विनंत्यांची वेळ आली तेव्हा माझ्याकडे मागायला काही उरलं नव्हतं.

गाठ मला महिनाभरापूर्वी आंघोळ करताना लागली होती. मी घरी कुणाला सांगितलं नाही. क्षितिजाची बारावीची परीक्षा तोंडावर होती, आणि आमच्या ह्यांना, म्हणजे बाळारामला, कुणी आजारी आहे म्हटलं की त्यांचंच पोट बिघडतं. शिवाय माझी आई अशाच गाठीने गेली. शेवटच्या दिवसांतला तिचा वास मला अजून आठवतो, त्या दिवसांतलं बाकी काही आठवत नाही. त्या रविवारच्या आधी गुरुवारी ठमाबाईंकडे जाते असं खोटं सांगून मी गावातल्या लेडी डॉक्टरकडे गेले. (त्या आठवड्यात मी बरंच खोटं बोलले, हे पहिलं.) डॉक्टरीणबाईंनी सुई टोचून गाठीतलं काहीतरी काढलं, काचेवर लावलं आणि सोमवारी रिपोर्ट घ्यायला या म्हणाल्या. पावती मी कामावरच्या डब्याच्या खाली, फडक्यात गुंडाळून ठेवली.

सोमवार आला. मी गेले नाही.

मी कामतघरला एका यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरते. लूमच्या धोट्यात दोऱ्याची कांडी लागते, ती भरायचं मशीन असतं. माझ्या मशीनवर एका वेळी दहा कांड्या फिरतात. आजूबाजूला चोवीस लूम धडधडत असतात, त्यामुळे आमच्या भागातली माणसं घरीसुद्धा ओरडूनच बोलतात. हळू आवाजात प्रार्थना करायला मी कधी शिकलेच नाही. पण मशीनवर माझी एक मनातली पद्धत होती. एकेका कांडीला एकेक नाव. पहिली क्षितिजा, दुसरी आमचे हे, तिसरी वडप्याला दिलेली बहीण, चौथ्या कांडीवर ठमाबाईंचा गुडघा, असं नववीपर्यंत. कांडी भरेपर्यंत त्या माणसासाठी मागायचं. बोटं आपलं काम करतात, तोंड मिटलेलं राहतं, मुकादमाला काही कळत नाही. दहाव्या कांडीला मी कुणाचं नाव दिलेलं नव्हतं. तिचा दोरा सारखा तुटतो. आपल्या माणसाचं नाव तिथे कशाला ठेवा.

त्या सोमवारी मी एकाही नावाजवळ थांबू शकले नाही. डोक्यात एकच चाललं होतं. रिपोर्ट वाईट निघाला, तर मी सभेत देवाच्या नावावर खोटं बोलले असं होईल. चांगला निघाला तर प्रश्नच नाही. पण आता मी खोटं बोललेच होते, आणि त्याची शिक्षा म्हणून चांगला असलेला रिपोर्टसुद्धा वाईट झाला तर? पाकीट उघडेपर्यंत त्यात काहीही असू शकतं. तोवर मी बरीपण आहे आणि नाहीपण. मग पाकीट आणायचंच कशाला, असा मी हिशेब केला. सातवी नापास बाईला इतकी अक्कल भीतीच देऊ शकते.

मंगळवारी गेले नाही. बुधवारी लाईट गेली. सगळे लूम एकदम थांबले आणि कामतघर इतकं गप्प झालं की मला माझं काळीज ऐकू यायला लागलं. लाईट गेली की बाकीच्या बायका जरा पाय पसरून बसतात. मी उठून दाराशी गेले, रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षा मोजत उभी राहिले, आणि प्रत्येक रिक्षा डॉक्टरकडेच चालली आहे असं मला वाटत राहिलं.

"कमलाबाई, तबियत ठीक नहीं क्या?" मुकादमाने विचारलं.

"एकदम ठीक," मी म्हणाले. हेही खोट्यात धरा.

त्या संध्याकाळी हे लवकर आले. ते टेम्पो चालवतात, वडप्याच्या गोदामांतून माल उचलतात. हातपाय न धुताच खाटेवर बसले. मी चहा दिला तो त्यांनी घेतला नाही.

"तू बरी झालीस म्हनं," ते म्हणाले.

माझ्या हातात बशी होती.

"कशातनं बरी झालीस गो? मना कुनी सांगल का? त्या केसरीनाथानं नाक्यावर माझा हात धरला, अभिनंदन बोल्ला. मी बोल्लो काय झाला. तर बोल्ला, वहिनींची गाठ गेली. अख्ख्या टेमघरला म्हायती हाय. नवऱ्याला न्हाय."

"सांगणार होते."

"कवा? सगळा झाल्यावर?"

मग मी सांगितलं. सगळं नाही, पण गाठ, सुई आणि पावती सांगितली. ते ऐकत होते आणि खाटेच्या पट्टीत बोट घालून ती ताणत होते.

"मग रिपोर्ट कुठं हाय?"

"आणला नाही."

"का?"

काय बोलू? ह्यांचा माझ्या सभेवर विश्वास नाही, विरोधही नाही. रविवारी मी निघाले की 'माझा नमस्कार सांग' म्हणतात. देवाला की पास्टरांना, ते मी कधी विचारलं नाही.

"तुझ्या आयशीनं भगत केला," ते शेवटी म्हणाले, अगदी हळू, आणि आमच्या घरात कुणी हळू बोललं की अंगावर काटा येतो. "तू पास्टर केलास. डाक्टर सोडून दोगींना सगळा चालतं."

मला इतका राग आला की मी बशी आपटली. राग आला कारण ते खरं होतं, आणि कारण ते पुरतं खरंही नव्हतं. पास्टरांनी मला कधी डॉक्टरकडे जाऊ नको म्हटलं नव्हतं. देवानेही म्हटलं नव्हतं. तो सगळा उद्योग माझा होता.

तरी गुरुवारी मी गेले नाही. पाय निघेचना. पावती फडक्यातून काढायची, नंबर बघायचा, परत गुंडाळायची, एवढंच दिवसभर. क्षितिजा अभ्यास करत बसलेली असायची आणि मी तिच्या वेणीकडे बघत राहायचे. माझी आई गेली तेव्हा मी तिच्याच वयाची होते. माझी वेणी त्यानंतर कुणी घातली नाही.

शुक्रवारी वैशाली आली.

ही आमच्या मागच्या गल्लीत राहते, गावाकडून लग्न होऊन आलेली, अंगावर पिणारं लेकरू. सभेत नवीनच यायला लागली होती, मागे भिंतीला टेकून बसायची. हातात खोबरेल तेलाची छोटी बाटली घेऊन ती दारात उभी राहिली.

"ताई, यावर प्रार्थना करून द्या," ती म्हणाली.

"कशाला?"

तिने आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग पदराखाली हात नेऊन दाखवलं. तिच्याही छातीत गाठ होती. माझ्यापेक्षा मोठी. हात लावला तर चटका बसावा इतकी गरम.

"कधीपासून आहे?"

"पंधरा दिवस झाले. सरकारी दवाखान्यात सुईची तारीख दिली होती, कालची. मी गेले नाही."

"का गेली नाहीस?"

ती हसली. इतकं विश्वासाने माझ्याकडे बघून आजवर कुणी हसलेलं नाही. "तुमची साक्ष ऐकली ना ताई. तुम्ही कुठे गेला होतात? तुम्ही नुसता विश्वास ठेवला. मी पण ठेवलाय. आमचे हे ओरडले, पण मी म्हटलं, कमळाताईंना बघा."

इतके दिवस मला वाटत होतं की माझं खोटं माझ्या एकटीच्या अंगात आहे. आता ते चालत चालत मागच्या गल्लीत गेलं होतं आणि एका लेकुरवाळीच्या पदराखाली बसलं होतं. तिचं पोर तिच्या कडेवर होतं. ते माझ्या मंगळसूत्राशी खेळायला लागलं.

खोटं बोलायचं असतं तर अजून वेळ होती. तेलावर हात ठेवायचा, दोन शब्द बोलायचे, तिला वाटेला लावायचं. मी बाटलीवर हात ठेवलासुद्धा. डोळे मिटले आणि मनात म्हटलं, बापा, मला भीती वाटतेय. आठवड्याभरात मी त्याच्याशी पहिल्यांदा खरं बोलले. त्याने काही उत्तर दिलं असं मी म्हणणार नाही. एकदा नसलेलं सांगून बसले आहे. पण डोळे उघडले तेव्हा काय करायचं ते मला कळत होतं, आणि ते करताना भीती जाणार नाही हेही कळत होतं.

"वैशाली," मी म्हणाले, "माझी गाठ गेलेली नाही."

तिला कळलंच नाही. मी तिचा हात धरून माझ्या गाठीवर ठेवला. मग कळलं. ती एक पाऊल मागे सरकली.

"पण तुम्ही तर..."

"खोटं बोलले. उद्या सकाळी मी रिपोर्ट आणायला जाणार आहे. तू माझ्याबरोबर चल. मला एकटीने जायची हिंमत नाही."

ती रडायला लागली. पोरही रडायला लागलं. मग मीही रडले. क्षितिजा पुस्तक घेऊन आतून बाहेर आली आणि आम्हा तिघांकडे बघत उभी राहिली. तिलाही सांगावं लागलं. तिने पुस्तक मिटलं, एवढंच केलं. मग पोराला घेतलं आणि बाहेर नेलं.

शनिवारी सकाळी हे टेम्पो घेऊन दारात उभे. "सोडतो," म्हणाले. "वर येनार न्हाय." आम्ही दोघी पुढे बसलो, मधे पोर. नाक्यावर वैशालीने माझा हात धरला तो दवाखान्यापर्यंत सोडला नाही. कुणी कुणाला धीर देत होतं ते सांगता यायचं नाही.

"आपका रिपोर्ट सोमवार से पडा है," डॉक्टरीणबाई पाकीट उघडत म्हणाल्या. "आई क्यों नहीं?"

"डर लगा."

"किसी ने मना किया था?"

"नहीं. मैंनेच किया."

त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. कागद टेबलावर ठेवून त्यावर हात ठेवला, जसं एखाद्या पोराच्या पाठीवर ठेवतात. "कॅन्सर है," त्या म्हणाल्या. "लेकिन छोटा है. ऑपरेशन होगा, फिर इलाज होगा. मैं मुंबई चिठ्ठी देती हूँ. अब एक दिन भी घर में नहीं बैठना."

खोलीतलं सगळं लांब गेलं. भिंतीवर हसऱ्या बाळाचं कॅलेंडर होतं, ते मला नीट दिसत होतं, बाकी काही नाही. आईचा वास आला. खरंच आला. मग वैशालीचं नख माझ्या तळहातात रुतलं आणि मी परत खुर्चीवर आले.

"हिलाही बघा," मी म्हणाले.

त्यांनी पडदा ओढून तिला तपासलं. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, दुधाची गाठ दिसते, आत पू झालाय, आजच औषध सुरू करायचं, सुईची टेस्ट तरीही करायचीच. अजून चार दिवस थांबली असती तर फार त्रास झाला असता. वैशालीने देवाचं नाव घेतलं. आणि मला तिचा हेवा वाटला. इतका कडू की घशाशी आला. मीच तिला घेऊन आले होते, तिचं भलं झालं होतं, आणि माझ्या मनात एकच: तिला दूध आणि मला हे? हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. इथे लिहिते आहे.

खाली आले तेव्हा ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. गाडीत बसले आणि वायपर चालू केले. बाहेर रणरणतं ऊन. कोरड्या काचेवर वायपर करकरत होते आणि ते समोर बघत बसले होते.

"अवो," मी म्हणाले, "गाडी चालू करा."

"करतंय ना," ते म्हणाले, आणि मग त्यांनी चावी पूर्ण फिरवली.

रविवारी मी गेले. हेही आले. जिन्यापर्यंत म्हणत होते, मग वर आले, आणि चपला काढून दाराजवळ बसले, जणू कुणी उठवलं तर पटकन निघता यावं. गाणी झाली. पास्टरांनी विचारलं, "कुणाची साक्ष?"

मी उठले. टाळी वाजली. मी हात वर केला तशी थांबली.

"मागच्या रविवारी मी खोटं बोलले," मी म्हणाले. आमच्या आवाजाची सवय, ते खालच्या रेशनच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं असणार. "माझी गाठ गेली नव्हती. रिपोर्ट आलाही नव्हता. आता आलाय. कॅन्सर आहे. मला प्रार्थना मागायची होती, पण साक्षींची वेळ होती आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. तुमचा दोष नाही. मी फार घाबरले होते. अजून घाबरलेली आहे."

पंखा कटकट करत राहिला. कुणी माझ्याकडे बघेना. मला वाटलं, झालं, आता इथूनही गेलो आपण.

"बस गो बाय," ठमाबाई म्हणाल्या. "पाय कापतान तुझं." मग स्वतः भिंतीला धरून उभ्या राहिल्या. "माझा गुडघा बरा झाला, आशी मी दिवाळीत साक्ष दिलेली. न्हाय झाला. तवापासना हा जिना मी बसून उतरतंय. कोन बघत न्हाय तवा."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले, आणि त्या हसण्यात दोन-तीन जण रडतही होते. ठमाबाई बसल्या नाहीत. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आनि तू माझा गुडघा परार्थनेत घेतेस ना? अजून घे. तो हाय तसाच हाय."

पास्टर चांगदेव आठवडाभर लूम दुरुस्त करतात, रविवारी संदेश देतात. त्यांची नखं रविवारीही काळीच असतात. ते खुर्चीवर बसून राहिले होते. "मी विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "सिस्टर, डॉक्टर काय म्हणाले, एवढं तरी. पण टाळी मलाही आवडते." मग म्हणाले, "आज विनंत्या आधी घेऊ. बाकीचं मागाहून."

ते सगळे माझ्याभोवती आले. आमच्यात डोक्यावर, खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. सत्तावीस माणसांचे हात काही एका बाईच्या अंगावर मावत नाहीत, मग मागचे पुढच्यांच्या खांद्यावर ठेवतात. गाठ जावी असं त्या दिवशी कुणी मोठ्याने म्हटलं नाही. मुंबईला नीट पोचू दे, डॉक्टरांचा हात स्थिर राहू दे, क्षितिजाचे पेपर चांगले जाऊ देत, असं बारीकसारीक मागितलं. एका हाताला डिझेलचा वास येत होता. मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर त्यांनी तो काढून घेतला असता. भीती गेली नाही, पण इतकं वजन अंगावर असताना तिला हलायला फारशी जागा नव्हती. देव जवळ आहे हे चार वर्षं मी म्हणत होते. त्या दिवशी तो मला जड लागला, माणसांच्या हातांएवढा.

मुंबईची तारीख गुरुवारची होती. बुधवारी मी वैशालीला मशीनवर नेलं, मुकादमाशी बोलून माझ्या जागी तिला लावून दिलं. औषधाने तिचा ताप उतरला होता. तिची टेस्टही चांगली आली होती. दोरा कसा लावायचा, भरलेली कांडी कशी काढायची, हे मी तिच्या कानाशी ओरडून सांगितलं. मग नावंही सांगितली. पहिली क्षितिजा, दुसरी आमचे हे, चौथीवर ठमाबाईंचा गुडघा.

"आणि तुमचं?" ती ओरडली.

"माझं कुठे ठेवलंच नाही."

तिने मशीनवरून नजर फिरवली आणि दहाव्या कांडीवर बोट ठेवलं.

"तिथे नको," मी म्हणाले. "तिचा दोरा सारखा तुटतो."

"म्हणूनच," ती म्हणाली. "तिच्याकडे सारखं बघावं लागतं."

बोलेपर्यंत तो तुटला. तिने मशीन थांबवलं, दोन्ही टोकं शोधली, आणि नवखी असल्यामुळे दोनदा चुकून तिसऱ्यांदा गाठ मारली. मग मशीन चालू केलं.